गळून पडलेल्या शिंगाची किंमत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रम नावाचे बेट आहे. तिथे मार्च उजाडला की तांबड्या हरणांच्या नरांचा रुबाब अक्षरशः गळून पडतो. आठ-पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ज्या शिंगांवर दोन नरांनी अंगाचा सगळा भार टाकून झुंज घेतली असती, तीच शिंगे झुडपाला घासताना किंवा नुसती मान झटकताना निखळून खाली येतात. बऱ्याचदा दोन्ही एकदम पडत नाहीत. आधी एक, मग काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी दुसरे. मधल्या वेळात तो नर एकाच शिंगाचे ओझे घेऊन ओशाळल्यासारखा हिंडत असतो. (ओशाळणे हे अर्थात पाहणाऱ्या माणसाच्या मनातले. हरणाचे त्या वेळी सगळे लक्ष चरण्याकडे असते.)

मराठीत शिंग हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या अवयवांसाठी वापरला जातो. गाय, शेळी, काळवीट यांची शिंगे पोकळ असतात. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचे आवरण. ती जन्मभर टिकतात, मोडली तर पुन्हा येत नाहीत. वन्यजीवांवर लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी अशा प्राण्यांना कुरंग आणि चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर यांना सारंग अशी नावे रुळवली, ती उपयोगाची आहेत. सारंगांची शिंगे भरीव असतात. ते कवटीवरच्या खुंटातून उगवणारे उघडे हाड असते आणि ते दर वर्षी टाकून नवे उगवावे लागते. युरोपातले तांबडे हरीण हे याच कुळातले. सस्तन प्राण्यांमध्ये एवढा मोठा अवयव, हाड, कातडी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंसह, वर्षाला एकदा मुळापासून नव्याने तयार करण्याची करामत दुसऱ्या कोणालाही साधलेली नाही.

या करामतीची किंमत कोणी कशी लावायची, हा प्रश्न आहे. बाजाराने ती किलोच्या भावात लावली आहे. शिंगाची पूड, कॅप्सूल, जिभेखाली मारायचा फवारा, सांधेदुखीवरचा उतारा, मर्दानी ताकदीचे टॉनिक अशा अनेक रूपांत शिंग विकले जाते. पण शिंगात जे काही औषधी म्हणण्यासारखे आहे ते त्या पदार्थात नाही. ते शिंग उगवणाऱ्या आणि टाकणाऱ्या शरीराच्या वर्षभराच्या व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार बाटलीत भरता येत नाही. तो नीट पाहिला तर बाटलीवरचा मजकूर किती पोकळ आहे हे आपोआप कळते.

शिंग गळते ते दिवसाच्या लांबीमुळे. हिवाळा सरून दिवस मोठे होऊ लागले की मेंदूला त्याची खबर लागते आणि नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घसरते. ते एका पातळीखाली गेले की खुंट आणि शिंग यांच्या सांध्यावर हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि थोड्याच दिवसांत ती रेघ पोखरून काढतात. वयस्क, वजनदार नरांची शिंगे आधी जातात, तरण्या नरांची मे महिन्यापर्यंत टिकतात. टेस्टोस्टेरॉनचा हा संबंध माणसाला फार पूर्वी समजला होता. लहानपणी खच्ची केलेल्या हरणाला शिंगे येत नाहीत आणि शिंगे आल्यावर खच्ची केले तर ती गळत नाहीत, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात तो थोडा चुकला: आधीची कडक शिंगे गळतात, त्यानंतर येणारी मात्र कायम मखमलीतच राहतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या निरीक्षणासाठी एवढी चूक माफ असावी.

प्रकाशाचे काम किती निर्णायक आहे, हे अमेरिकेत रिचर्ड गॉस यांनी १९६०च्या दशकात सिका जातीच्या हरणांवर दाखवले. बंदिस्त जागेत दिव्यांच्या मदतीने वर्षभराचे दिवस-रात्रीचे चक्र सहा महिन्यांत बसवले, तर हरणे वर्षाला दोनदा शिंगे टाकू लागली. निसर्गानेही, किंवा खरे तर वसाहतवाल्यांनी, हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधून तांबडी हरणे न्यूझीलंडला नेली गेली. तिथे ऋतू उलटे. हरणांनी आपले वेळापत्रक सहा महिन्यांनी फिरवून घेतले. युरोपात जी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माजावर येतात, ती तिथे मार्च-एप्रिलमध्ये येतात.

शिंगे पडली की कळपातले राजकारण बदलते. तांबड्या हरणांचे नर वर्षाचा बराच काळ माद्यांपासून वेगळे, आपापल्या टोळ्यांत राहतात आणि त्यांच्यात मानाची उतरंड ठरलेली असते. वरच्या पायरीवरचा नर सर्वांत आधी बोडका होतो, आणि ज्याला तो काल हुसकावत होता त्या तरण्याच्या डोक्यावर शिंगे अजून शाबूत असतात. रमवरच्या निरीक्षणांत असे दिसले, की या काळात बलाढ्य नरही शिंगवाल्या पोरांसमोर माघार घेतात. सगळ्यांची शिंगे जाईपर्यंत ही उलथापालथ चालते. त्यानंतर भांडण झालेच तर दोघे मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना मारतात. उगवते शिंग इतके नाजूक असते, की त्याला धक्का लागू देणे परवडणारे नसते.

रम बेटावरची ही माहिती एक-दोन मोसमांची नाही. तिथे हरणांचा अभ्यास १९५०च्या दशकात सुरू झाला. १९७२ साली बेटाच्या उत्तर भागातली शिकार थांबवून तिथल्या एकेका हरणाला ओळखून त्याचा जन्म, जोडीदार, पिल्ले, शिंगे आणि मृत्यू नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. (भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला तेही हेच वर्ष.) टिम क्लटन-ब्रॉक, फियोना गिनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला हा अभ्यास आजही चालू आहे. पन्नास वर्षे एकाच जागी बसून हरणे मोजण्यासाठी पैसे देणारी व्यवस्था असावी लागते. ती नसती तर पुढचे बरेचसे कळलेच नसते.

शिंग गळाल्यावर खुंटावरची जखम पाहता पाहता भरते आणि नवे शिंग डोके वर काढते. त्यावर बारीक लव असलेली कातडी असते. तिलाच मखमल म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाट असतात. हात लावला तर ते शिंग गरम लागते. चांगल्या खाद्यावरच्या नरात ते दिवसाला एक ते दीड सेंटिमीटरही वाढते. साडेतीन-चार महिन्यांत पूर्ण शिंग उभे राहते. एवढे कॅल्शियम आणि फॉस्फरस गवतातून इतक्या लवकर मिळणे शक्य नसते. मग हरीण ते स्वतःच्या सांगाड्यातून उसने घेते. बरगड्यांसारखी हाडे या काळात विरळ होतात. माणसात या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि ती आली की परतवणे फार अवघड जाते. हरणाच्या बरगड्या मात्र शिंग पुरे होऊन माजाचा काळ येईपर्यंत पुन्हा भरतात. दर वर्षी कर्ज, दर वर्षी फेड. पन्नाशीनंतरच्या बायकांच्या हाडांचा विचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हेवा वाटावा असा हा हिशेब आहे.

हे कर्ज फेडण्यासाठी हरणे काय काय खातात, हे ऐकले तर शाकाहारी या शब्दावरचा विश्वास डळमळेल. रमवर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची प्रचंड वसाहत आहे. तिथली हरणे बिळाबाहेर आलेल्या पिल्लांची डोकी, पाय, पंख चावून खातात. १९८८ साली रॉबर्ट फर्नेस यांनी हे तपशीलवार मांडले. मांसाची गोडी त्यामागे नाही. रमची जमीन खनिजांच्या बाबतीत दरिद्री आहे आणि हाडात खनिजे आहेत, एवढेच कारण. गळालेली शिंगेही हरणे चघळतात. म्हणजे मार्चमध्ये जमिनीवर पडलेले शिंग हा कचरा नाही. कंगाल जमिनीवरच्या कळपासाठी ती खनिजांची ठेव आहे.

शिंगाच्या आकाराबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना पिल्ले जास्त होतात आणि शिंगाचा आकार काही अंशी वडिलांकडून मुलाकडे येतो. मग पिढ्यान्पिढ्या शिंगे मोठी होत जायला हवीत. रमवर तसे झाले नाही. लूस्के क्रुक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की मोठे शिंग आणि यशस्वी नर यांची जोडी जमते ती मुख्यतः चांगल्या पोषणामुळे. ज्याला पोटभर चारा मिळाला त्याची शिंगेही मोठी आणि झुंजीचा दमही मोठा. शिंग म्हणजे त्या वर्षी खाल्लेल्या अन्नाची डोक्यावर मिरवलेली पावती. भिंतीवर टांगलेल्या बारा टोकांच्या शिंगाकडे पाहून शूर पूर्वजांची आठवण काढणाऱ्यांनी त्या उन्हाळ्यातल्या गवताचीही काढावी.

आणि शूरपणाबद्दल बोलायचे तर तो शिंगात कमी आणि घशात जास्त असतो. ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉन चढू लागते, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो, नर ती झाडाझुडपांवर घासून काढतात. खाली उरते ते मेलेले, टणक हाड. सप्टेंबरच्या अखेरीस माजाचा हंगाम लागतो. नर माद्यांचा कळप गोळा करतो आणि रात्रंदिवस डरकाळ्या फोडतो. हरणाला डरकाळी हा शब्द वाघाच्या मुलखातल्या माणसाला विचित्र वाटेल, पण तो आवाज ऐकला तर दुसरा शब्द सुचणार नाही. क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी १९७९ मध्ये या डरकाळ्यांचा अर्थ लावला. सतत ओरडत राहायला दम लागतो आणि दम खोटा दाखवता येत नाही. म्हणून दोन नर आधी ओरडण्यात एकमेकांना जोखतात, मग शेजारी शेजारी चालत अंगाचा अंदाज घेतात, आणि त्यातूनही निकाल लागला नाही तरच शिंगाला शिंग भिडते. हे शहाणपण आहे, कारण झुंज महाग पडते: रमवरच्या प्रौढ नरांपैकी सुमारे २३ टक्के नर एका हंगामात काही ना काही जखम घेऊन बाहेर पडतात आणि सहा टक्क्यांपर्यंत कायमचे जायबंदी होतात. या महिन्याभरात नर जवळजवळ खातच नाही. वजन पाचव्या हिस्स्यापर्यंत घटते. अशा अवस्थेत त्याला स्कॉटलंडचा हिवाळा काढायचा असतो, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा शिंगे टाकायची असतात.

हे वेळापत्रकही आता सरकते आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शिंगे गळण्याची, मखमल साफ होण्याची, माजाची आणि पिल्ले होण्याची तारीख २८ वर्षांत पाच ते बारा दिवसांनी अलीकडे आली. दिवसाची लांबी बदललेली नाही. बदलले आहे ते तापमान आणि त्यामुळे गवताची वाढ.

आता बाजाराकडे. विकले जाते ते बहुधा गळालेले शिंग नव्हे, तर मखमलीतले, वाढीच्या भरात कापलेले शिंग. चीन आणि कोरियात त्याला जुनी मागणी आहे आणि तांबड्या हरणाच्या अशा शिंगांचा मोठा पुरवठादार न्यूझीलंड आहे. तिथे ते भूल देऊन कापले जाते. ब्रिटनने मात्र मज्जातंतूंनी भरलेले जिवंत शिंग कापण्यावर १९८० सालीच बंदी घातली. दोन्ही देशांत हरीण एकच आहे. त्याच्या वेदनेचा हिशेब मात्र प्रत्येकाने आपल्या सोयीने केला आहे.

मखमल पुरुषत्वाचे टॉनिक म्हणून खपते, आणि इथे हरणाचे कॅलेंडर उघडून बघावे. मखमल वाढते ते महिने नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन सर्वांत कमी असण्याचे. ते वाढले की मखमल मरते. म्हणजे जो पदार्थ पुरुषी संप्रेरकाच्या गैरहजेरीतच वाढतो, तो पुरुषी ताकदीसाठी दामदुप्पट भावाने घेतला जातो. चाचणीही झाली आहे. २००३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ३२ पुरुषांवर बारा आठवडे घेतलेल्या चाचणीत मखमलीची पूड आणि निर्जीव पूड यांच्यात फरक दिसला नाही. संधिवाताच्या १६८ रुग्णांवर सहा महिने चाललेल्या चाचणीचाही निकाल तोच लागला. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्याच वैद्यकीय नियतकालिकात अशा सगळ्या उपलब्ध चाचण्यांचा आढावा आला. जाहिरातीतल्या बहुतेक दाव्यांना त्यात आधार सापडला नाही. ज्या देशाचा हा निर्यातीचा माल, तिथलेच हे संशोधन आहे, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची बाजू.

फवाऱ्याची गोष्ट आणखी गमतीची. भारतीय वंशाचा फिजीचा गोल्फपटू विजय सिंग याने २०१३ मध्ये आपण हरणाच्या शिंगाचा फवारा वापरल्याचे सांगितले आणि वादळ उठले. शिंगात ‘आयजीएफ-१’ हा वाढीला चालना देणारा घटक असतो आणि तो खेळाडूंना निषिद्ध आहे. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्पष्ट केले, की घटक निषिद्ध असला तरी फवारा वापरणे निषिद्ध मानले जात नाही. कारवाई मागे घेतली गेली आणि सिंगने उलट दावा ठोकला. या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट बाजूला राहिली. आयजीएफ-१ हे प्रथिन आहे, आणि इन्सुलिनचेच भावंड. इन्सुलिन गिळून चालले असते तर मधुमेहींनी रोज पोटात सुई कशाला टोचून घेतली असती?

शिंगांमधून माणसाच्या उपयोगाचे काही निघणार असेल तर ते प्रयोगशाळेतून, आणि सावकाश. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले, की वाढत्या शिंगात चालू असलेली जनुके साध्या हाडापेक्षा हाडाच्या कर्करोगाशी जास्त मिळतीजुळती आहेत. फरक असा, की हरणाकडे ही वाढ वेळेवर थांबवणारी जनुकेही तितकीच पक्की आहेत. २०२३ मध्ये शिंगांच्या पुनर्वाढीमागच्या मूळ पेशी ओळखण्यात आल्या. त्या उंदराच्या कपाळाच्या कातडीखाली बसवल्यावर ४५ दिवसांत शिंगासारखा उंचवटा उगवला. तुटलेले हाड, झिजलेली कूर्चा, कापलेली नस यांवरच्या उपचाराचा रस्ता इथून जाऊ शकतो. तो लांबचा आहे आणि त्यावर कोणत्याही दुकानाची पाटी नाही.

भारताचा या हरणाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल परवापरवापर्यंत तांबड्या हरणाचीच उपजात मानला जात होता. आता त्याला मध्य आशियातल्या भाईबंदांसह वेगळी जात धरतात. तोही वसंतात शिंगे टाकतो आणि शरद ऋतूत ओरडतो. त्याची संख्या तीनशेच्या आसपास घुटमळते आहे. खाली महाराष्ट्राच्या जंगलांत ऋतूंची धार बोथट होते. सांबर साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंगे टाकते, पण चितळांच्या एकाच कळपात एकाची शिंगे कडक, दुसऱ्याची मखमलीत आणि तिसरा बोडका, असे चित्र दिसते. प्रत्येक नराचे स्वतःचे वर्ष ठरलेले, पण सगळ्यांचे मिळून एक नाही. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये जिप्सीतून हे सहज पाहता येते. बहुतेकांचे डोळे मात्र तेव्हा वाघ शोधत असतात.

आणि सांबरशिंग तर मराठी घरांत पोहोचलेलेच आहे. आजीबाईच्या बटव्यात सुंठ, वेखंड, जायफळाबरोबर त्याचा तुकडा असे. मुलाची छाती भरली की सहाणेवर उगाळून लेप लावायचा. आयुर्वेदात मृगशृंग भस्मही आहे. हे मखमलीचे नव्हे, गळालेल्या कडक शिंगाचे. म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि हाडातले चिवट प्रथिन. भाजून भस्म केले की प्रथिनही जळते. साध्या सर्दीत लेपाची ऊब आणि आजीचा हात यांनी मुलाला बरे वाटत असेल, त्यावर भांडायचे कारण नाही. पण श्वास जोरजोरात चालला असेल, पोट उडत असेल, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्यात सहाणेवर घालवलेले काही तास मुलाच्या जिवावर बेततात. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा.

शिवाय तो तुकडा आणायचा कुठून? वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सांबर-चितळाचे शिंग परवान्याविना बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग ते मारून काढलेले असो की जंगलात सापडलेले. हे अनेकांना जाचक वाटते. जे हरणानेच टाकून दिले ते उचलले तर बिघडले कुठे? कारण साधे आहे. गळालेल्या शिंगाचा बुंधा गोलसर, पूर्ण असतो आणि मारलेल्या हरणाच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो. पण करवत चालवून तुकडे केले किंवा पूड केली की कोणालाही फरक सांगता येत नाही. गळालेल्या शिंगाला बाजार मोकळा केला की मारलेलेही त्याच दाराने बाहेर पडते. कायदा इथे बरोबर आहे आणि त्यात सवलत मागणाऱ्यांनी ही खूण पुसली जाण्यावर आधी उपाय सुचवावा.

राहिले जंगलात पडलेले शिंग. त्यावर हक्क सांगणारे तिथेच असतात. रात्री साळिंदर येते, शिंग आपल्या बिळाकडे ओढून नेते आणि दातांना धार लावत, खनिजे मिळवत ते सावकाश कुरतडते. साळिंदराच्या बिळाबाहेर अशी अर्धी खाल्लेली शिंगे आणि हाडे पडलेली दिसतात, त्यांवर दातांच्या समांतर रेघा असतात.